डाळिंबाची तहान

झाडंझुडपं आणि भांडीकुंडी एकमेकांशी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. द्वारकामावशींच्या परसात एक झारी होती. तिचा डाळिंबावर फार जीव. पौष लागला की मावशी डाळिंबाचं पाणी तोडायच्या. "ताण बसल्याशिवाय बहार धरत नाही," म्हणायच्या.

डाळिंबाची पानं पिवळी पडू लागली, तशी झारीला राहवेना. तिच्या बुडाला बारीक भोक होतं. मावशींच्या हातून केळीकडे जाताना ती रोज डाळिंबाच्या आळ्यात ओंजळभर पाणी सांडायची. "पी रे राजा," कुजबुजायची.

माघात मावशींनी पुन्हा पाणी सोडलं. वसंत आला. आंबा मोहरला, लिंबू फुललं, डाळिंबावर मात्र नुसता हिरवागार पाला. मध शोधणारी पाखरं घिरटी घालून निघून गेली.

"यंदा याला झालंय तरी काय!" मावशी हळहळल्या.

"माझ्यावर रागावलंस?" झारीनं विचारलं.

"नाही गं," डाळिंब म्हणालं. "पण त्या तहानेतूनच मला लाल व्हायचं होतं."

पुढच्या पौषात डाळिंबाची पानं पुन्हा पिवळी पडू लागली. काठोकाठ भरलेली झारी रोज त्याच्याजवळून जायची. बुडाचं भोक अजून तसंच होतं, पण तिनं वाटेत एक थेंबही सांडू दिला नाही.