पलीकडच्या काठावरची शाळा

नदीकाठच्या एका गावात सोनबा नावाचा रंगारी राहत होता. बायको सगुणा आणि मुलगी तुळजा, एवढाच त्याचा संसार. नवराबायको दिवसभर कढईत रंग उकळायचे, लुगडी रंगवायचे आणि नदीच्या वाळवंटात वाळत घालायचे. हाताला काम होतं, पोटाला अन्न होतं. पण गावात शाळा नव्हती.

शाळा होती पलीकडच्या काठावर, पेठेत. पेठेतल्या लोकांनी वर्गणी काढून ती बांधली होती. शिक्षण फुकट होतं आणि गुरुजी जीव लावून शिकवायचे. मात्र पंचांचा एक नियम होता. ज्याची चूल पेठेत पेटते, त्याचंच मूल त्या शाळेत बसेल.

तुळजा बापाबरोबर पेठेत गेली की दुकानांच्या पाट्यांकडे टक लावून पाहायची. घरी आल्यावर ती अक्षरं वाळूत काठीने काढत बसायची. त्यांचा अर्थ मात्र तिला कळत नसे. ते पाहून सोनबाने तिला शिकवायचंच असं ठरवलं.

सोनबाची चुलत बहीण काशी पेठेत राहत होती. सोनबा तिच्याकडे गेला आणि म्हणाला, “कुणी विचारलं तर तुळजा तुझ्याकडे राहते एवढंच सांग.” काशीला भावाचं मन मोडवेना. ती हो म्हणाली.

पण आईबाप असताना मुलगी आत्याकडे का, असं गुरुजी विचारणारच. सोनबाने त्यावरही तोड काढली. त्याने तुळजाला समोर बसवलं.

“कुठे राहतेस म्हणून विचारलं, तर काय सांगशील?”

“काशीआत्याकडे.”

“आणि आईबाप?”

तुळजाने चुलीपाशी बसलेल्या आईकडे पाहिलं.

“आईबाप नाहीत म्हणायचं,” सोनबा म्हणाला. “नुसतं म्हणायचं गं. तेवढ्याने आम्ही थोडेच कुठे जातो?”

सगुणा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “अहो, असलं पोरीच्या तोंडून वदवून घेऊ नका.”

“मग राहू दे तिला आपल्यासारखी अडाणी!”

सगुणाने पुन्हा भाकरी थापायला घेतली. मुलगी शिकावी असं तिलाही वाटत होतं.

तुळजा रोज नावेने नदी ओलांडून शाळेत जाऊ लागली. पोरकी मुलगी म्हणून गुरुजींनी तिला आपल्याकडची पाटी दिली. मुली आपल्या डब्यातला घास तिला देत. तुळजा मान खाली घालून तो खायची. ती भराभर वाचायला शिकली. तितक्याच सहज ती खोटंही बोलायला शिकली. बाजाराच्या दिवशी सगुणा लुगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन शाळेवरून जायची. तेव्हा तुळजा दुसरीकडे पाहायची आणि सगुणाही न थांबता पुढे जायची. घरी आल्यावर त्याबद्दल दोघी बोलत नसत.

एक दिवस उकळत्या रंगाची कढई कलंडली. सोनबा कमरेखाली भाजला. वैद्याने लेप लावला, पण खुद्द वैद्याचाच चेहरा उतरला होता. “मुलीला बोलावून घ्या,” तो म्हणाला.

सगुणा तशीच धावत निघाली. नाव मिळाली, नदी ओलांडली. रंगाने माखलेल्या हातांनीच ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. “तुळजा, चल. तुझ्या बाबांना भाजलंय.”

सगळा वर्ग वळून पाहू लागला. गुरुजी पुढे आले. “बाई, आपण कोण? या मुलीला तर आईबाप नाहीत.” मग त्यांनी तुळजाला विचारलं, “बाळ, तू ओळखतेस यांना?”

तुळजाने सगळ्या वर्गाकडे पाहिलं. बापाने पढवलेलं तेवढं तिला आठवलं.

“नाही,” ती म्हणाली. “मी काशीआत्याकडे राहते.”

गुरुजी सगुणाकडे वळले. “काशीबाई बाजारात गेल्या आहेत. त्या येईपर्यंत मुलीला मी कुणाच्या हाती देणार नाही.”

काशी आली असती तर काहीतरी सांगून तिने मुलीला नेलं असतं. शाळाही वाचली असती, लबाडीही झाकली गेली असती. फक्त थोडा वेळ थांबायचं होतं. सगुणाने मुलीच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला थांबवेना.

“गुरुजी, मीच तिची आई,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “तिचा बाप जिवंत आहे, पण किती वेळ असेल ठाऊक नाही. आम्ही नदीपलीकडचे. शाळेसाठी आम्हीच तिला खोटं शिकवलं. तिला बोल लावू नका.”

तुळजा धावत येऊन आईला बिलगली. “आई, मी चुकले का गं?”

“तू नाही,” सगुणा म्हणाली. “आम्ही चुकलो.”

सोनबा वाचला. पण शुद्धीवर आल्यावर सगळी हकीकत ऐकून तो संतापला. “थोडं थांबायला काय झालं होतं? पोरीची शाळा घालवलीस!”

“तिने मला ओळखलं नाही,” सगुणा म्हणाली. “माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणाली. तुम्ही तिथे नव्हतात.”

सोनबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

चालता येऊ लागल्यावर तो काठी टेकत गुरुजींकडे गेला आणि माफी मागू लागला. गुरुजी म्हणाले, “माफी माझी नको. पेठेतल्याच धोंडू गुराख्याची मुलगी शाळेत नाव घालायला आली होती. जागा भरल्या म्हणून मीच तिला परत पाठवलं. तिची जागा तुमच्या मुलीने घेतली होती. आता ती तिथे बसेल.”

त्या जागेवर कुणाचा हक्क असेल, हे सोनबाच्या मनातही आलं नव्हतं. तो तसाच पंचांपुढे गेला.

“मला काय ती शिक्षा करा,” तो म्हणाला. “पण आमच्या काठावरच्या मुलांनी शिकायचं कुठे, तेही सांगा.”

पंचांतले म्हातारे पाटील म्हणाले, “हे आधी का नाही विचारलंस?”

मग तिथे जमलेल्यांतून सोनबाच्या गावातले आणखी दोघे-तिघे पुढे आले आणि त्यांनीही खाली मान घालून कबुली दिली. कुणी पेठेत मामा शोधला होता, कुणी मावशी. ज्याला त्याला आपल्या मुलापुरती वाट हवी होती. गावासाठी शाळा कुणीच मागितली नव्हती. पंचही एकमेकांकडे पाहू लागले. समोरच्या काठावर खेळणारी मुलं त्यांना रोज दिसत होती, पण त्यांची चौकशी त्यांनीही कधी केली नव्हती.

गावकऱ्यांनी मिळून आपल्या काठावर भिंती उभ्या केल्या, छप्पर घातलं. पेठेने एक शिक्षक पाठवला. या सगळ्यात तुळजाचं एक वर्ष वाया गेलं, पण शेवटी ती आपल्या गावातल्या शाळेत बसली.

तरी बरेच दिवस चारचौघांत आईला हाक मारताना तिचा आवाज अडखळायचा. शाळा बांधून कधीच झाली होती. हे बरं व्हायला त्याहून जास्त वेळ लागला.

तात्पर्य: मुलाच्या भल्यासाठी म्हणून जे खोटं त्याच्या तोंडी घालतो, त्याचं मोल आधी मूलच मोजतं, आणि ज्याची जागा जाते ते दुसरं मूलही. जे आपल्या मुलाला हवं, ते सगळ्यांच्या मुलांसाठी उघडपणे मागावं.