रत्नमालाबाईंची जागा

"तिची जागा कोणती, बुवा? तुम्ही रोज इथं बसता. तुम्ही पाहिलं असेल..."

हेमराज गुरुजींनी दुसऱ्यांदा विचारलं. गोमाजीबुवा जाळ्याची फाटलेली कड सांधत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

सोनबोडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या जुन्या बांधावर, बुवांची झोपडी. बुवा जातीचे ढीवर. पन्नास वर्षं तलावात मासे धरले, मग एके दिवशी मासे सोडले आणि जाळी सांधणं तेवढं ठेवलं. लोक म्हणत, बुवांना काहीतरी गवसलं. बुवा म्हणत, दात गेले.

त्या पाळीवरून एक पायवाट निघते. सागाच्या रानातून, पाण्याच्या काठाकाठानं, पडक्या गोंड किल्ल्याच्या दरवाजापर्यंत. चढ नाही, घसरण नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही हसतखेळत जावं अशी वाट.

हेमराज कापगते गुरुजींनी शाळेत इतिहास शिकवला आणि बावीस वर्षं दर रविवारी तालुक्यातल्या लोकांना या वाटेवर आणलं. वाटेवर एक पुस्तकही लिहिलं. माणसानं वाटेवर पुस्तक लिहिलं की त्याला वाटतं, सातबाऱ्यावर आपलंच नाव चढलं. एकदा बुवा किल्ल्याची जुनी कहाणी सांगायला लागले, तर गुरुजींनी चारचौघांत त्यांना अडवलं होतं. "बुवा, याला पुरावा काय?" बुवा तेव्हाही असेच जाळ्याकडे बघत राहिले होते.

आज गुरुजी एकटे आले होते. डोकं भादरलेलं. छातीशी तांब्याचा लोटा, त्यावर पांढरं फडकं बांधलेलं. बायको जाऊन आज नववा दिवस.

सुतक म्हणून ते झोपडीपासून लांबच थांबले होते. बुवांनी पोतं झटकून पुढे सारलं.

"बसा, गुर्जी."

"नको. हा खाली टेकवता येत नाही."

कापगत्यांकडे तशी रीतच होती. राखेचा लोटा घरातून निघाला की हातातच राहायचा. जिथं टेकला, तिथंच राख सोडायची. मग ती जागा बरी असो, वाईट असो. गुरुजी सकाळपासून तो लोटा धरून होते आणि त्यांच्या मनगटांना कळ लागली होती.

"अस्थी वैनगंगेत गेल्या," गुरुजी म्हणाले. "ही मूठभर राख राहिली. दवाखान्यात ती म्हणाली होती... त्या वाटेवर माझ्या जागी सोडा."

"मंग?"

"मी हो म्हणालो."

"अन् जागा नाई इचारली?"

गुरुजींचा चेहरा उतरला. विचारायची गरज काय, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. वाट त्यांच्या पायाखालची. डोळे बांधून सोडलं तरी कुठला दगड कुठं ते त्यांनी सांगितलं असतं. त्याच संध्याकाळी मनात शंका आली, तेव्हा रत्नमालाबाई बोलण्यापलीकडे गेल्या होत्या.

"उद्या दहावा आहे," गुरुजी म्हणाले. "मला वाटतं, दरवाजाजवळचा चौथरा असेल. सगळ्यात जुनं बांधकाम तेच. नाहीतर विहिरीची पायरी. नाहीतर तो वीरगळ..."

"हे तं तुमच्या पुस्तकातलं झालं."

गुरुजींनी लोट्यावरची पकड बदलली.

बुवांनी दोरा दातानं तोडायचा प्रयत्न केला, दात नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो विळ्यावर कापला.

"तुमी किल्ल्यावर पोचल्यावर बाईले याले किती येळ लागे?"

"असेल अर्धा तास. तिचे गुडघे दुखायचे. तोवर मी दरवाजात उभा राहून लोकांना माहिती सांगायचो. माझं सांगून होई आणि ती येई."

"अर्धा तास बाई काय करे?"

"चालत असेल..."

बोलून झाल्यावर गुरुजींना स्वतःचाच आवाज ऐकू आला. बावीस वर्षं, आणि 'असेल'. त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांना वर्गात, सभेत, कुठंच कधी वाटली नव्हती.

बुवा उठले. काठी घेतली. "चाला."

गुरुजी सवयीनं पायवाटेवर पुढे झाले. चार पावलं टाकली नसतील, तोच बुवांची काठी त्यांच्या छातीसमोर आडवी आली.

"मांगं."

"बुवा, वाट मला माहीत..."

काठी हलली नाही. गुरुजी बाजूला झाले आणि बुवा पुढे निघाले.

ऐंशीचा म्हातारा, पण चालला असा, की जणू किल्ल्यावर कुणी पंगतीला ताट वाढून ठेवलंय. मागं वळून बघणं नाही, थांबणं नाही. गुरुजींना नऊ दिवसांत धड घास गेला नव्हता. त्यात दोन्ही हातांत लोटा. तोल सांभाळायला हात मोकळा नाही, वाटेत आलेली फांदी बाजूला करायची सोय नाही. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती आणि त्या आवाजात बुवांची काठी हळूहळू ऐकू येईनाशी झाली.

"बुवा, थांबा!"

बुवा पुढेच चालले होते.

"अहो बुवा... जरा हळू!"

वाट वळली. बुवा दिसेनासे झाले.

गुरुजींना आधी राग आला. एवढं दुःखाचं माणूस मागं आणि हा म्हातारा आपला आपल्या नादात. काय घाई होती? किल्ला काय पळून जात होता? रागाच्या भरात त्यांनी आणखी दहा-वीस पावलं रेटली. मग पाय पुढे पडेनात. वाटेच्या कडेला एका मोहाच्या झाडाखाली बसका दगड होता. ना त्यावर नक्षी, ना अक्षर. त्यांच्या पुस्तकात त्याचं नाव नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. गुरुजी लोटा मांडीवर घेऊन त्या दगडावर बसले.

बराच वेळ ते नुसते धापा टाकत होते.

मग त्यांनी समोर पाहिलं.

इथं झाडी थोडी फाकली होती. खाली तलावाचा एक फाटा आत शिरला होता, आणि पाण्यापलीकडे, अगदी समोर, किल्ल्याचा दरवाजा होता. वाट पाण्याला वळसा घालून जात होती म्हणून तो लांब वाटायचा. इथून मात्र तो हाकेच्या अंतरावर होता. बुवा तिथं पोचलेले होते. दरवाजात पाठमोरे उभे होते, काठी उचलून भिंतीकडे कुणाला तरी काही दाखवत असल्यासारखे. तिथं कुणीच नव्हतं.

गुरुजी बघत राहिले.

त्या दरवाजात, त्याच पायरीवर, ते स्वतः दर रविवारी उभे राहत. तोंड भिंतीकडे, पाठ पाण्याकडे.

एका रविवारी रात्री जेवायला वाढताना रत्नमालाबाई म्हणाल्या होत्या, "आज बोलताना हात फार हलवत होतात हो. टोपी पडली असती डोक्यावरची." गुरुजींना तेव्हा नवल वाटलं होतं. ती तर माहिती संपल्यावर आली होती. कुणीतरी सांगितलं असेल तिला, असं म्हणून त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला होता.

कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुजींना रडू कोसळलं. नऊ दिवस लोकांसमोर धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ती मागं राहत होती असं ते बावीस वर्षं समजत होते. ती इथं बसत होती. दुखरे गुडघे चोळत, तोंडाला पदर लावून हसत, नवऱ्याचे हलणारे हात बघत. आणि त्यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं. एकदा जरी पाहिलं असतं, तरी ती दिसली असती.

"अगं..." ते म्हणाले.

पाण्यावरून वारा आला. मोहाची दोन-चार पानं गळली. पाणकोंबड्या गवतात आवाज करत होत्या. ऊन दगडावर सरकलं, तरी गुरुजी उठले नाहीत. मग त्यांनी दोन्ही हातांनी लोटा उचलला, फडक्याची गाठ सोडली आणि लोटा दगडाच्या पायाशी मातीवर टेकवला.

सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचे हात मोकळे झाले.

बुवा परत येताना दिसले. आता चाल अगदी सावकाश होती. ते मोहाखाली येऊन थांबले. त्यांनी टेकवलेला लोटा पाहिला, गुरुजींचे डोळे पाहिले आणि काठीवर हनुवटी टेकवली.

गुरुजींच्या मनात अजून एक काटा सलत होता. लोटा टेकला होता, आता तो उचलता येणार नव्हता. जागा चुकली असेल तर? आपण थकलो म्हणून बसलो, एवढंच असेल तर? साऱ्या जन्मात त्यांनी कुणाकडून काही पक्कं करून घेतलं नव्हतं. इतरांनीच त्यांना विचारायचं, आणि त्यांनी सांगायचं. आज त्यांनी हात जोडले.

"बुवा... तुम्ही सगळं पाहिलंय. एवढं एकच सांगा. हीच ना तिची जागा?"

बुवांनी मान हलवली.

"मले कसं ठाऊक, गुर्जी? मी तं पुढं होतो."