कुरडयांचं ऊन

डोंगरावर विजेची तार चढली नव्हती, त्या काळची गोष्ट. द्वारकाबाईंच्या घराच्या छपरावरचं सौर पॅनेल ऊन गोळा करी आणि कोपऱ्यातली बॅटरी ते साठवून सगळ्यांना पुरवी.

त्या चैत्रात मात्र चार दिवस बॅटरी उपाशीच. तरी पंखा ओरडे, "जोरात फिरव मला!" मिक्सर गुरगुरे, "चटणी खोळंबलीय!" दिवा म्हणे, "म्हातारी झालीस तू."

"मेल्यांनो, वरून काही येतच नाही, तर देऊ कुठून?" बॅटरी कातावली. मग पॅनेलवर खेकसली, "बाहेर रणरणतं ऊन, आणि तू झोपा काढतोस होय रे?"

"माझ्यावर जुनं लुगडं अंथरून बाईंनी कुरडया घातल्यात," पॅनेल म्हणालं. "सगळ्यात कडक ऊन इथंच लागतं म्हणे."

बॅटरीने कपाळावर हात मारून घेतला असता, पण हात कुठला आणायचा?

संध्याकाळी पंखा बंद पडला. छपरावरच्या कुरडया परातीत काढून द्वारकाबाई तणतणत आल्या आणि बॅटरीकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ही भंगारात घाला. हिच्यात काही दम राहिला नाही."

मग परातीतली एक कुरडई त्यांनी कट्कन मोडून पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"कुरडया मात्र यंदा कशा खडखडीत वाळल्या!"