मागच्या खोलीची वायर

एका गावात एक घर होतं, रुंदीला बेताचं आणि लांबीला बेसुमार. खोल्या एकामागे एक उभ्या आणि मधल्या भिंती हातभर जाड. पुढच्या बैठकीत म्हातारे वडील, आप्पा, बसत. त्यांच्या मागे थोरल्या मुलाची खोली, तिच्या मागे धाकट्याची आणि त्याच्या बायकोची, आणि अगदी शेवटी, परसाकडे, मुलीची. मुलीचं लग्न झालं होतं, ते मोडलं होतं, आणि ती माहेरी परत आली होती.

त्या घरात प्रत्येक गोष्ट पुढून मागे जायची. वर्तमानपत्र मागे पोचेपर्यंत त्यातलं शब्दकोडं सुटलेलं असायचं. फणस मागे पोचेपर्यंत गरे संपून आठळ्या उरायच्या. नकारही असेच यायचे. वडिलांना मुलीला नाही म्हणायचं असलं की ते थोरल्याला सांगत, थोरला धाकट्याला सांगे, आणि धाकटा तिच्या दारात उभा राहून म्हणे, "नको म्हणतायत." का नको, ते वाटेतच कुठेतरी गळून जाई. मुलीला याची सवय झाली होती. सवयीसारखी वाईट गोष्ट नाही.

मग घरात इंटरनेट आलं. राऊटर अर्थातच बैठकीत, वडिलांच्या खुर्चीशेजारी. वडील त्याचा उपयोग रोज सकाळी गावभर फुलांची चित्रं पाठवायला करत. जाड भिंतींतून वायफाय मागे जाईना, म्हणून थोरल्याने आपल्या खोलीत रिपीटर लावला. रिपीटर म्हणजे राऊटरचं ऐकून तेच पुढे सांगणारी डबी. थोरल्याच्या डबीचं ऐकणारी दुसरी डबी धाकट्याने लावली, आणि धाकट्याच्या डबीचं ऐकणारी तिसरी मुलीच्या खोलीत लागली.

थोरला म्हणाला, "आता सगळ्यांना सारखं. कुणी कुरकुर करायची नाही."

मुलगी गणितात हुशार होती. दूरच्या शहरातली एक शाळा घरी बसून वर्गातल्या पडद्यावर शिकवणारी शिक्षिका शोधत होती. मुलीला ती नोकरी हवी होती. पगारासाठी हवी होती, आणि सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय यासाठी त्याहून जास्त हवी होती. पण निवडीसाठी घेतलेल्या पहिल्या तासाला अपूर्णांक समजावता समजावता ती पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजली. दुसऱ्या तासाला तिचा आवाजच गेला आणि मुलं हसायला लागली.

शाळेच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही शिकवता छान. सोमवारी सकाळी शेवटची संधी देते. पुन्हा असं झालं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

मुलीने थोरल्याला बोलावलं. त्याने तिचा फोन हातात घेतला आणि हसला. "वायफायच्या काड्या तर पूर्ण दिसतायत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय."

मग मुलीने फोन घेऊन घरभर फिरून इंटरनेटचा वेग मोजला. बैठकीत तो नळाच्या धारेसारखा होता. थोरल्याकडे निम्मा, धाकट्याकडे त्याच्या निम्मा, आणि तिच्या खोलीत नुसती ठिबक. काड्या मात्र सगळीकडे पूर्ण. तेव्हा तिला उमगलं की काड्या फक्त डबी किती जवळ आहे ते सांगतात, डबीकडे द्यायला काय उरलंय ते सांगत नाहीत. बिचारी रिपीटरची डबी अर्धा वेळ ऐकते आणि अर्धा वेळ बोलते, मग तिच्याकडून पुढे जाणार तरी किती?

तिने धाकट्याबरोबर निरोप पाठवला, "मला राऊटरपासून माझ्या खोलीपर्यंत सरळ वायर हवी. टोकाला ॲक्सेस पॉइंट लावते. ती डबी कुणाचं ऐकून सांगत नाही, वायरीतून आलेलं सगळं खोलीत सोडते."

संध्याकाळी धाकटा दारात उभा राहिला. "नको म्हणतायत. भिंतीला भोक नको."

"दादाच्या एसीची नळी मग कुठून गेलीय?"

"ते दादाला विचार."

तिने दादाला विचारलं. थोरला म्हणाला, "आमची गोष्ट वेगळी. आम्ही इथले."

"आणि मी कुठली?"

थोरल्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारी आणखी एक निरोप आला. सोमवारी तिने बैठकीत बसून शिकवावं, वडिलांची हरकत नाही, मात्र पाहुणे आले तर उठावं. धाकटा म्हणाला, "घे की. काम झाल्याशी कारण."

काम झालंही असतं. सोमवारचं झालं असतं. पण मंगळवारी पाहुणे आले असते, बुधवारी वडिलांची दुपारची झोप आली असती, आणि अपूर्णांक मधेच सोडून ती लॅपटॉप उचलून मागे पळाली असती. मुलीला राग आला. पोटातून आलेला, खणखणीत, चांगला राग. असा राग तिला फार वर्षांत आला नव्हता आणि तो आल्याचं तिला बरं वाटलं.

रविवारी तिने बाजारातून वायरचं भेंडोळं आणि ॲक्सेस पॉइंट आणला. शेजारच्या सुताराकडून ड्रिल मशीन मागून आणलं. शिडी लावून घराच्या बाहेरून, वळचणीखालून, तिने वायर पुढपासून मागपर्यंत नेली आणि आपल्या खोलीच्या भिंतीला ड्रिल लावलं. सगळं घर घरघरलं. थोरला धावत आला.

"कुणाला विचारून चाललंय हे?"

"कुणालाच नाही."

"आप्पांना कळलं तर?"

"मीच सांगायला निघालेय."

वायरचं दुसरं टोक खिडकीतून आत घेऊन ती बैठकीत शिरली. वडिलांच्या खुर्चीशेजारी वाकून तिने ते राऊटरला जोडलं आणि समोर उभी राहिली. केसांत भिंतीची माती होती.

वडील म्हणाले, "थोरल्याला बोलव."

"दादा कशाला? मी इथेच आहे. उद्या माझा तास आहे. तो बुडाला तर माझी नोकरी गेली. तरीही वायर नको असेल तर आत्ता, माझ्यादेखत, तुमच्या हाताने काढा. माझा तास चालू असताना दुसऱ्या कुणाला काढायला लावू नका."

म्हाताऱ्याने जन्मभर हवं तेवढं नाही म्हटलं होतं, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून कधी म्हटलं नव्हतं. त्याचे नकारसुद्धा रिपीटरमधून जायचे. त्याचा हात वायरीपाशी गेला. मुलगी हलली नाही. हात तिथेच थोडा वेळ राहिला आणि परत मांडीवर आला.

"किती वाजता तास?"

"दहाला."

"बरं," वडील म्हणाले.

सोमवारी दहाला मुलीने अपूर्णांक शिकवले. चित्र थिजलं नाही, आवाज गेला नाही. मागच्या बाकावरच्या एका पोराने मुद्दाम वाकडा प्रश्न विचारला, तर तिने त्याला फळ्यापाशी बोलावून त्याच्याकडूनच उत्तर काढून घेतलं. बाई म्हणाल्या, "उद्यापासून रुजू व्हा."

रात्री जेवताना थोरला म्हणाला, "घराची पार शोभा गेली. बाहेरून ती वायर लोंबतेय."

"मला आवडते," मुलगी म्हणाली आणि वरण वाढून घेतलं.

जेवणं झाल्यावर धाकटी वहिनी हळूच मागच्या खोलीत आली.

"वन्सं, ते ड्रिल मशीन परत केलंत का?"

"उद्या करणार आहे. का गं?"

"उद्या नका करू," वहिनी म्हणाली. "मलाही एक भोक पाडायचंय."

तात्पर्य: चार हातांतून उरून आलेल्याला वाटा म्हणत नाहीत. आपला वाटा हवा असेल तर जिथून तो निघतो तिथे स्वतः जावं, समोर उभं राहून मागावा, आणि सोबत आपली वायर न्यावी.