शिळेपलीकडचं पाठांतर

विहाराच्या अंकासाठी गोष्ट लिहा म्हणून सुमेधाबाई महिनाभर मागे लागल्यात. म्हटलं, सांगतो, तुम्ही उतरवून घ्या. तर नाही, माझ्याच हातची पाहिजे. घ्या मग. शुद्धलेखन तुम्ही बघा.

फार मागे वेत्रवती नगरात राजा जयसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका आचार्यांचा पट्टशिष्य होता. आचार्यांचा एकच नियम: जो हात उचलील तो आश्रमाबाहेर. का उचलला, ते विचारायचं नाही. भर दुपारी रानाच्या हद्दीवरच्या शिळेपलीकडे त्याला सोडायचं. हे काम बोधिसत्त्वाकडे होतं.

पहिलं पोर सोडलं, ते घरी पोचलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, पान हलत नसताना, पलीकडून पाठांतर ऐकू आलं. हाकललं त्या दिवशीच्या ओळीपर्यंत आवाज येई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. आधी एक गळा. मग दोन. होता होता सात झाले. आचार्य म्हणत, "वारा आहे."

आश्रमात कुंजर नावाचा दांडगा पोरगा होता. तो स्वतः कधी हात उचलत नसे. दुसऱ्याला डिवची, टोची, आणि समोरच्याने फटका दिला की बोंब ठोकी.

आठवी पाळी बारक्या चुल्लकाची आली. बोधिसत्त्वाने त्याला शिळेपाशी नेलं. पलीकडचं पाठांतर एकदम थांबलं. झाडापुढे एक बाई उभी होती. उन्हात होती, पण तिची सावली नव्हती.

"आण रे, आण," ती म्हणाली. "न विचारता टाकलेलं पोर माझं. आम्हा यक्षिणींना कुबेराने तसं लिहून दिलंय."

सातही पोरं बोधिसत्त्वाच्याच हाताने गेली होती. तो पोरासमोर खाली बसला.

"चुल्लका, का मारलंस रे कुंजराला?"

"दादा, तो म्हणतो, तुझी आई तुला बघूनच मेली. रोज जेवताना म्हणतो. आज घास अडकला."

बाई मागे सरकली. "विचारलंस होय! असू दे. दुसरा येईल."

चुल्लकाला परत आणून बोधिसत्त्वाने हे सांगितलं, तसे आचार्य गरजले, "मग कुंजराला टाका!" हद्दीकडून कोणीतरी हसलं.

"आचार्य, आधी त्यालाही विचारा," बोधिसत्त्व म्हणाला.

कुंजराने हद्दीकडे बोट केलं. मग म्हणाला, "पहिला गेला तो माझा भाऊ. एकटाच म्हणायचा तिकडे. त्याला भीती वाटते. म्हणून सोबतीला धाडत होतो."

आचार्यांचा चेहरा उतरला. ते उठले, शिळेपाशी जाऊन बसले आणि एकेका नावाने हाक मारून विचारू लागले, "बाळा, काय झालं होतं?" जो तो आपलं सांगे आणि त्याचा गळा कायमचा थांबे. सगळ्यात शेवटी कुंजराचा भाऊ बोलला.

पोरं परत आली नाहीत. खोटं कशाला सांगू? नियम मात्र त्या दिवशी मोडला. कुंजराने वर्षभर चुल्लकाचं पान वाढायचं, असं ठरलं.

तथागतांनी ही गोष्ट संघाला सांगितली आणि कोण कोण ते उलगडलं: तेव्हाचे आचार्य म्हणजे संघातले नियमावर बोट ठेवणारे एक थेर, म्हणजे वडीलधारे भिक्खू. कुंजर आणि चुल्लक म्हणजे शेजारी बसून जेवणारे दोन भिक्खू. पट्टशिष्य स्वतः तथागत. ती बाई पुढे कोण झाली, ते तथागतांनी सांगितलं नाही.

या गुणाला शहाणी माणसं प्रज्ञा म्हणतात. मी म्हणतो, आधी विचारणं. मलाही चौथीत असंच न विचारता काढलं होतं. काढणारे अजून हिंडतेफिरते आहेत, माफी मागायला काही आले नाहीत. नाव लिहूनच ठेवतो: ढोणे मास्तर.