तानूआक्काची प्रत

"पण बुवा, एक प्रत तीनशे चाळीस रुपयांना कोण शहाणा छापून घेईल?"

मोरेश्वरानं पुस्तकांचा गठ्ठा मठाच्या ओट्यावर टेकवला आणि कपाळाचा घाम पुसला. सिद्धनाथबुवा शेंगा सोलत बसले होते. त्यांनी नुसतं विचारलं होतं, "उशीर का रे झाला एवढा?" त्या एवढ्याशा प्रश्नाला मोरेश्वर सगळा छापखाना पाठीशी घेऊन उभा राहिला.

माणूस हुशार, यात वाद नाही. कॉलेजात शिकवायचा, चार लोकांत बोलायचा. मठाच्या स्वयंपाकघरात दळताना तानूआक्का ज्या ओव्या गायची, त्या जात्यापाशी बसून त्यानंच उतरवून घेतल्या. पुस्तक काढायचं तेही त्याच्याच मनात आलं. आक्कानं शाळेची पायरी कधी पाहिली नव्हती. आपल्या गाण्याचं पुस्तक होतं, याचंच तिला हसू येई.

आज पुस्तक झालं होतं. आक्का मात्र महिन्यापूर्वीच गेली.

"तीनशे चाळीसला पडली असती, म्हणजे पुस्तक तेव्हाच मिळालं असतं?" बुवांनी विचारलं.

"मिळालं असतं. डिजिटलवर दहा प्रती त्याच संध्याकाळी देतो म्हणाले कुंभोजकर छापखानेवाले. पण दर बघा की! ऑफसेटला प्लेटा करायच्या, मशीन लावायचं, तो खर्च ठरलेला. शंभर काढा नाहीतर हजार. म्हणून मी हजार काढल्या. प्रत साठाला पडली."

"साठाला?"

"साठाला, बुवा!"

"स्वस्त पडली."

मोरेश्वराला जरा बरं वाटलं. कोणीतरी बरोबर म्हणावं, म्हणून तो महिनाभर तळमळत होता. बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

"मग हजार प्रतींसाठी देणगीदार गाठले. त्यात वेळ गेला. पैसे जमले तर लग्नसराई आली. सगळी मशिनं पत्रिकांत अडकलेली. कुंभोजकर म्हणाले, थांबा. थांबलो. शिवणीची बांधणी घेतली, ती वेगळी. पिना मारलेलं चोपडं आक्काच्या हातात देणार होतो का मी?"

"तिनं शिवणीचं मागितलं होतं?"

शिवणीचं नव्हतं मागितलं. नुसतं पुस्तक मागितलं होतं. तो आला की आक्का जातं थांबवायची. "झालं का रं माजं पुस्तक? बगू तरी." पुढंपुढं जातं सुटलं, ती अंथरुणावरूनच विचारायची. तो म्हणायचा, "होतंय आक्का. चांगलं होऊ दे." ती मान हलवायची. चांगलं म्हणजे काय, हे तिनं त्याला एकदाही विचारलं नाही.

मोरेश्वर ओट्याच्या कडेला बसला. आता त्याचा आवाज खाली आला होता.

"प्लेटा झाल्या, बुवा. पहिले छापील कागद माझ्या हातात आले. बघतो तर दोन पानांची अदलाबदल झालेली. मधलीच ओवी तुटत होती. कुंभोजकर म्हणाले, आजी आजारी आहेत ना, हेच कागद दुमडून एक प्रत शिवून देतो. आजच घेऊन जा, बाकीच्या मागाहून नीट करू."

"मग?"

"मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, चुकीचं पुस्तक? आणि तेही आमच्या आक्काला? पदरचे पैसे घातले, प्लेटा नव्यानं करायला लावल्या. त्याच आठवड्यात तिनं..."

वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. घोडं तर चांगलंच सजवलेलं होतं. जाड कव्हर, सोनेरी अक्षरं, आत एका ओवीला धक्का नाही. गठ्ठ्याकडे पाहून त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं तोंड फिरवलं. आत स्वयंपाकघरात जातं होतं. त्यावर कोणीतरी पिठाचा डबा ठेवला होता.

"चुकलं का माझं, बुवा? तुम्हीच सांगा. तिच्या आयुष्यातलं एकुलतं एक पुस्तक. ते मी पानं चुकलेलं द्यायचं होतं?"

बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली, हात धोतराला पुसले आणि वरची एक प्रत उचलली. शिवण दाबून पाहिली. कव्हरावरून तळवा फिरवला.

मग त्यांनी पुस्तक उघडलं. खालची बाजू वर, वरची खाली. तसंच मांडीवर घेतलं. एका पानावरून बोटं फिरवली. मान डोलावली. पान उलटलं. पुन्हा बोटं फिरवली, आणि चेहऱ्यावर हसू आलं.

मोरेश्वर पाहत राहिला. बुवांना म्हातारपणी दिसेनासं झालं की काय, अशी शंकाही त्याला येऊन गेली.

"बुवा..." तो हळूच म्हणाला, "पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

बुवांनी आणखी एक पान उलटलं.

"आक्कानं कसं धरलं असतं रे?"