राजाच्या ताटातली बातमी

ज्या जेवणापायी कुणीही रडलेलं नाही, असं एक जेवण महाराजांना खिलवायचं. नाही जमलं तर मरेपर्यंत पारावर तोंड उघडायचं नाही. असा हुकूम धाकोजीला सुटला. मान मागितली असती तर म्हाताऱ्यानं खुशाल दिली असती. पण तोंड? तोंडावरच तर तो जगत होता.

खरंच जगत होता. सोनवेलीच्या राजवाड्यात महाराजांच्या ताटातला पहिला घास खायची त्याची चाकरी. जेवणात विष असलं तर आधी धाकोजी मरणार, मग महाराज हात आखडता घेणार. मेला नाही, म्हणून म्हातारपणी सुटला. आजच्या भाषेत पेन्शनीत निघाला. त्याच्या जागी तुळाजी लागला आणि धाकोजीनं पार धरला. बंदरावरून कुणी गलबतावरचा तांडेल आला की त्याला धरून बसवायचा, मुलखामुलखाच्या बातम्या काढून घ्यायच्या आणि मग गावाला झोडपायचं.

"ती लवंग थुंक आधी. तिकडं बेटावर लवंगा खुडणाऱ्यांना कोंडून घालतात."

"रेशीम नेसून मिरवतेस, बाई? विणणारीच्या अंगावर लक्तरं आहेत, माहीत आहे?"

धाकोजी दिसला की बायका वाट बदलायच्या.

एक दिवस पारावरून महाराजांची पालखी निघाली. धाकोजी काही आवाज खाली आणणाऱ्यातला नव्हता. "फेटा बघा, कसा निळाशार. ज्यांनी ती नीळ पिकवली त्यांच्या पाठी चाबकानं याहून निळ्या झाल्यात."

पालखी थांबली. महाराज म्हणाले, "तुला सगळ्यांच्याच ताटात पाप दिसतं ना? मग दसऱ्याला बिनपापाचं एक ताट मला आणून दे. नाही आणलंस तर पार बंद."

घरी बायको जनाई म्हणाली, "देव पावला. जे माझ्या बापाला जमलं नाही, ते महाराजांनी केलं."

"तू गप्प बस."

"मी का म्हणून? हुकूम तुम्हाला आहे."

परसात त्याची नाचणी उभी होती. त्यानंच पेरलेली, त्यानंच राखलेली. जनाई जात्याकडं गेली तसा तो ओरडला, "सोड ते. तू दळशील तर रडत दळशील."

"रडत कशाला? शिव्या देत दळेन."

"ते रडण्याहून वाईट." म्हणून म्हातारा स्वतः दळायला बसला.

दसऱ्याला दरबार भरला. धाकोजीनं महाराजांपुढं ताट ठेवलं. नाचणीची भाकरी आणि रानात आपसूक उगवलेल्या कुर्डूची उकडलेली भाजी. खाली फणसाच्या गळून पडलेल्या पानांची पत्रावळ.

"तेल नाही?" महाराजांनी विचारलं.

"घाण्याच्या बैलाला डोळे बांधून फिरवतात. त्याला कुणी विचारलंय?"

प्रधानजींना राहवलं नाही. "परस खणलंस ती कुदळ कुठून आली?"

"लोहाराकडून. चोख पैसे मोजून."

"ते पैसे पेन्शनीचे. पेन्शन खजिन्यातून. आणि खजिना रयतेच्या शेतसाऱ्यातून. झालं की नाही ताट खरकटं?"

"म्हणजे साऱ्यापायी रयत रडते, असं प्रधानजी भर दरबारात सांगतायत. लिहून घ्या कुणीतरी."

प्रधानजी एकदम फणसाच्या पानांकडं बघायला लागले.

तेवढ्यात रिवाजाप्रमाणं तुळाजी पहिला घास घ्यायला पुढं झाला. धाकोजीनं त्याचा हात धरला. "मागं हो."

"रिवाज आहे," महाराज म्हणाले.

"असू द्या. याची बायको रोज दुपारी उंबऱ्यात बसून डोळे पुसत असते. नवरा जिताजागता परत आला की मग चूल पेटवते. यानं घास घेतला की तिचं रडणं या ताटात आलं. मग ते पाप माझ्या ताटातलं नाही, महाराज. तुमच्या रिवाजातलं."

"मग तू खा."

"माझीही बायको आहे. ती रडणार नाही म्हणा, पण भरवसा काय?"

"आणि यात विष असलं तर?"

"तर मी हरलो. पण तसं सांगायला महाराज नसतील."

महाराजांनी तुळाजीकडं पाहिलं. तो अजून हात पुढं करून, डोळे मिटून उभा होता. घास घेताना त्याच्याकडं आजवर कुणी बघितलंच नव्हतं. महाराजांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला.

चावता चावता त्यांचं तोंड वाकडं झालं. "अळणी आहे रे!"

"आहेच."

"मीठ का नाही घातलंस?"

"हवं तसं मिळालं नाही. आपल्याच मिठागरांत माणसं खाऱ्या चिखलात उभी राहून पाय फोडून घेतात, आणि मुकादम मजुरी म्हणून त्यांच्या ओटीत मीठच टाकतो. मीठ काय पोरांना नुसतं चाटवायचं? बांधावर बसून रडतात बायका."

"आपल्या मिठागरांत? मग हे मला आजवर कुणी कसं सांगितलं नाही?"

"लांबची बातमी पारावर सांगता येते, महाराज. घरची तुमच्या कानांपर्यंत कुणी पोचू देत नाही. मग म्हटलं, तोंडातून घालावी!"

महाराज हसायला लागले आणि नाचणीनं घसा धरला. ठसका लागला, पाणी प्यायले, पुन्हा हसले. मुकादमाला तिथल्या तिथं काढला. मजुरी रोकडीत, ती पण दुप्पट. तुळाजीला बागेची देखरेख मिळाली आणि त्याच्या घरची चूल वेळेवर पेटायला लागली.

धाकोजीला पार परत मिळाला. वर बक्षीस असं, की दर पुनवेला त्यानं दरबारात येऊन तोंड उघडायचं, आणि ते मिटेस्तोवर कुणी जागचं हलायचं नाही. पहिल्याच पुनवेला प्रधानजींचं दुपारचं जेवण बुडालं.